साहेब समोर बसतील तरच

जयपूरहून परत आलेला माणूस हवामहालाच्या खिडक्यांबद्दल बोलतो. मला त्यांच्याबद्दल फारसं सांगता येणार नाही. ज्या सकाळी मी हवामहालासमोर उभा होतो त्या सकाळी माझा उजवा हात कोटाच्या आतल्या खिशावर होता आणि माझं सगळं लक्ष त्या हातात होतं. खिशात तन्मणीचं खोड होतं, म्हणजे मोत्यांच्या सरांच्या मधोमध लोंबतं ते पदक. मोती साताऱ्याला सौ.च्या कपाटात सुखरूप होते. खोड मात्र माझ्याबरोबर हिंडत होतं, आणि त्या सकाळी ते खोड म्हणण्याच्या लायकीचंही उरलं नव्हतं.

मुळापासून सांगतो. गेल्या हिवाळ्यात उत्तरेकडच्या सीमेवर चिन्यांशी लढाई झाली तेव्हा आमच्या पेठेतून संरक्षण निधीची फेरी निघाली. सौ. ओट्यावर उभी होती. ताट समोर आलं तशी तिने मला न विचारता हातातल्या पाटल्या उतरवल्या आणि ताटात ठेवल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि घरात जाऊन दोन तांबे पाणी प्यायलो, कारण विजूचं लग्न वैशाखात ठरलेलं होतं. मुलीला द्यायला आता तिच्या आजीचा तन्मणी तेवढा राहिला. मधे माणिक आणि भोवती सहा हिरकण्या असं ते खोड. संक्रांतीला सौ.ने ते बाहेर काढलं, तेव्हा एक हिरकणी डबीच्या तळाशी सुटी पडलेली होती.

आमच्या सोनारबुवांकडे गेलो तर दुकानाला अर्धं दार. नव्या वर्षी सरकारचा हुकूम निघाला होता. चौदा कॅरटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही, आणि दागिना सोडून दुसऱ्या रूपात घरात सोनं असेल तर ते जाहीर करायचं. बुवांनी खोड हातात घेऊन मान हलवली. हे कुंदनाचं काम. कुंदन म्हणजे सोन्याची इतकी शुद्ध पत्ती, की ती सळईने खड्याभोवती थंडच दाबत गेलं की आपली आपण सांधते. तिला डाख लागत नाही. चौदा कॅरटात निम्म्याच्या आसपास दुसरा धातू, तो दबत नाही, मोडतो. शुद्ध पत्ती वापरायची तर बुवांचा परवाना जाणार. शिवाय ही कला आपल्या हातात नव्हतीच, असं ते प्रामाणिकपणे म्हणाले. जयपूरला जडिये असतात, खडे जडवणारे, त्यांच्यातला कोणी अजून बसलेला असला तर विचारा.

मी गेल्या वर्षीच निवृत्त झालेला भूगोलाचा मास्तर. तीस वर्षं मुलांना व्यापाराचा धडा वेगळा आणि सीमांचा धडा वेगळा शिकवला. परीक्षेत दोन्हींवर एकेक प्रश्न. आता या वयात सरकार मला सांगत होतं की धडा एकच आहे. बंदुका परदेशातून घ्यायच्या, त्याला परकी चलन लागतं, ते चलन चोरट्या सोन्याच्या पायी समुद्रावाटे बाहेर जातं, म्हणून सोन्याचा सोस कमी करा. ऐकायला पटतं. पण हिमालयातली खिंड आणि विजूचा गळा यांच्यामध्ये कुठून कुठे रेघ ओढायची, ते मला नकाशावर दाखवता आलं नसतं.

जयपूरला उतरायचं कुठे हा प्रश्न नव्हता, आणि हीच खरी अडचण होती. सौ.ची धाकटी बहीण कुमुद तिथे आठ वर्षं आहे. तिचे यजमान, म्हणजे माझे साडू दत्तोपंत, केंद्र सरकारच्या नोकरीत, आणि बदली होऊन ज्या खात्यात बसलेले ते नेमकं या सुवर्ण नियंत्रणाचं. सौ.ने निघताना बजावलं होतं की दत्तोपंतांच्या कानावर घालू नका, ते एकदा नाही म्हणाले की दार बंद. चोराने फौजदाराकडे पाहुणा म्हणून जावं तसा मी निघालो.

बनीपार्क, होळीचा दिवस

गाडीतले दोन दिवस सांगण्यासारखे नाहीत. स्टेशनवर दत्तोपंत स्वतः आले होते, राखाडी अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घालून. सकाळी तिथे अजून गारवा होता. बनीपार्कातल्या घरापर्यंतच्या टांग्याला त्यांनी ठरलेलंच भाडं दिलं, घासाघीस केली नाही आणि वरही काही दिलं नाही. साडूंचा स्वभाव त्यात सगळा आला. एका व्यापाऱ्याने बागेतले पेरू पाठवले तर हे पेरू परत करायला दोन मैल चालत गेले होते, असं कुमुद सांगते. पेरू फार चांगले होते, असंही सांगते.

कुमुदच्या मराठीला आता जयपूरचं पाणी लागलं आहे. “भाऊजी, तुम्ही आधी अंघोळ करून घ्या, मतलब, पाणी गरम आहे तोवर,” असं ती म्हणाली आणि स्वतःच हसली. त्यांचा मुलगा हॉस्टेलवर, त्यामुळे घरात ही दोघंच. जेवायला दाल-बाटी. बाटी म्हणजे गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेला कणकेचा गोळा, तो फोडून तुपात बुडवायचा. मी पहिल्यांदा न फोडताच चावला आणि दाढेला हात लावून बसलो. मग दत्तोपंतांनी एका मुठीत तो कसा फोडायचा ते दाखवलं. आपल्याकडे तूप भातावर पडतं, इथे भाकरीच तुपात पोहते. तीन बाट्यांनंतर खिशातल्या डबीचा मला विसर पडला, यावरून काय ते समजा.

हात धुताना मी सहज विचारावं तसं विचारलं, कारागिरांचं कसं चाललंय. दत्तोपंतांनी तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले की जानेवारीत सोनं जाहीर करण्याचे अर्ज घ्यायला ते बसले होते, तेव्हा रांगेत एक म्हातारा जडिया आला. त्याने आधी अर्जावर अंगठ्याशेजारी सही केली, मग पगडीच्या टोकाची गाठ सोडून नखाएवढी पत्ती काढली आणि टेबलावर ठेवली. ही आठवली नव्हती, हीसुद्धा लिहून घ्या, म्हणाला. दत्तोपंतांना त्याचं नाव आठवत नव्हतं, पण पत्ती ठेवणारी बोटं आठवत होती. हे सांगून ते पानाचा डबा घेऊन अंगणात गेले. मी उगाच पुन्हा एकदा हात धुतले.

धुळवड

रंग रंगपंचमीला खेळायचा, या समजुतीने साताऱ्याचा माणूस होळीच्या दुसऱ्या दिवशी निर्धास्त असतो. मी पांढरंशुभ्र धोतर नेसून, टोपी घालून सकाळी फिरायला निघालो. कोपऱ्यावर छातीवर काहीतरी हलकेच आपटलं आणि फुटलं, आणि मी गळ्यापासून गुडघ्यापर्यंत गुलाबी झालो. लाखेचा अंड्याच्या टरफलासारखा पातळ गोळा करून त्यात गुलाल भरतात, त्याला इथे गुलालगोटा म्हणतात. मारणारे एक प्रौढ वकील होते. त्यांनी लगेच हात जोडले, घरी नेलं, गुजिया खायला घातली आणि निघताना आणखी एक गोटा मारला. कुमुद दार उघडून हसत बसली. दत्तोपंतांनी माझ्याकडे पाहून फक्त एवढंच विचारलं की धोतर दुसरं आणलंय ना.

लाखेचे ते तुकडे मी कुतूहलाने गोळा करून ठेवले होते. उन्हात ठेवलेले तुकडे दुपारी वाकडे झालेले दिसले. आच लागली की लाख मऊ पडते, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होती, डोक्यात मात्र शिरली नाही.

मी केलेला शहाणपणा

तिसऱ्या दिवशी सकाळी दत्तोपंत ऑफिसला आणि कुमुद शेजारी गेली. मी बाजारात जायचं ठरवलं होतं. डबी उघडली तर खोड काळपट दिसत होतं. असा मळका दागिना परक्या कारागिरापुढे ठेवणं मला बरं वाटेना. आमच्या घरात दिवाळीच्या आधी सौ. सगळे दागिने रिठ्याच्या पाण्यात उकळते आणि मऊ ब्रशने घासते, ते मी तीस वर्षं पाहत आलेला. पाटल्या, बांगड्या, गोफ. तन्मणी त्या पातेल्यात कधीच नसायचा, हे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

योग असा, की कुमुदने थंडीचे कपडे धुऊन पेटीत ठेवण्यासाठी मोरीत बादलीभर रिठे भिजत घातले होते. मी त्यातलं भांडंभर पाणी घेतलं, स्टोव्हवर ठेवलं, खोड आत सोडलं आणि उकळी येऊ दिली. सौ.ला मनात म्हटलं, बघ, तुझ्यावाचून आमचं काही अडत नाही. एवढ्यात भांड्यात टक् असा आवाज झाला. मग आणखी एक.

भांडं उतरवलं तेव्हा तळाशी हिरकण्या सुट्या पडल्या होत्या, माणिक एका बाजूला, आणि खोडाच्या कोंदणातून लालसर चिकट लाख बाहेर आली होती. कुंदनाखाली लाख असते. तिच्यावर खडे बसवतात आणि पत्ती दाबतात. मी ती लाखच उकळून काढली होती. घेऊन आलो होतो एका खड्याची दुरुस्ती, आणि आता हातात होतं एक रिकामं घर आणि सात भाडेकरू. विजूचा चेहरा डोळ्यांसमोर आला आणि त्याच्या मागे तिच्या आईचा.

खडे आणि सोन्याच्या चुरगळलेल्या कडा मी चिमट्याने वेचून रुमालात बांधल्या. मागे काही पुरावा राहू नये म्हणून भांड्यातलं पाणी परत बादलीत ओतलं आणि भांडं घासून पालथं घातलं. गुन्हेगारांना इतकं व्यवस्थित राहणं कुठून सुचतं, हे मला त्या दिवशी कळलं.

जौहरी बाजार

अशा अवस्थेत मी हवामहालासमोर उभा होतो. तरीही एवढं म्हणेन की असा सरळ आखलेला बाजार मी दुसरा पाहिला नाही. एकाच रंगाची दुकानं, एकाच मापाच्या कमानी, मधून उंटगाडी, सायकली आणि घागऱ्यांचा लाल-पिवळा लोंढा. मास्तराला पट्टीने ओढलेल्या रेघा आवडतात.

एका गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंनी चाकांचा घर्र घर्र आवाज. पन्न्याला, म्हणजे आपल्या पाचूला, पैलू पाडण्याचं काम चाललं होतं. एका दुकानदाराने कौतुकाने समजावलं की कच्चा पन्ना परदेशातून परवान्यावर येतो, इथे त्याला घाट मिळतो आणि तो पुन्हा परदेशात जातो, जाताना देशाला चलन आणतो. म्हणून सरकार आमच्यावर खूश. आणि समोरच्या बंद दारांमागे कोण, विचारलं. तिथे कुंदनवाले, म्हणाला. त्यातले काही आता माझ्याकडेच चाकावर बसतात, काहींनी भाजीची गाडी घातली. गल्ली एक, हात त्याच जातीचे, पण एकाचं काम देशाच्या उपयोगी आणि समोरच्याचं देशाला जड. हे चूक की बरोबर, मला सांगता येत नाही. त्या बंद दारांकडे बघून वाईट मात्र वाटलं.

उघडं असलेलं एक दार शोधत मी किशनलालजींच्या जिन्याशी पोचलो. वर दहा फुटांची खोली, पांढरी गादी, आणि खिडकीपाशी पगडीतले सत्तरीचे गृहस्थ रिकाम्या सळईने लाकडाच्या ठोकळ्यावर काही रेखत बसलेले. हात चालता राहावा म्हणून, असं त्यांनी नंतर सांगितलं. मी रुमाल सोडला. त्यांनी खोड उचलून वास घेतला.

“अरीठा?” ते म्हणाले.

मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. पाणी मागवलं, मला प्यायला लावलं आणि मग खडे एकेक करून खिडकीतल्या उजेडात धरले. काम जुनं आणि चांगलं आहे, म्हणाले. करण्याची इच्छा त्यांच्या बोटांत दिसत होती. पण त्यांच्याकडे पत्ती नव्हती, आणि ठेवायचीही नव्हती. एकच रस्ता होता. रुमालात आलेल्या जुन्या कुंदनाच्या कडा वितळवायच्या, ठोकून पुन्हा पत्ती करायची आणि तेच सोनं परत बसवायचं. बाहेरचा कणही घालायचा नाही. मात्र एक खडा बसवला तर ती दुरुस्ती, सातही बसवले तर लोक त्याला घडाई म्हणतील.

त्यांची भीड चेपावी म्हणून मी मोठ्या रुबाबात म्हणालो, काळजी नको, माझे साडूच त्या खात्यात साहेब आहेत. वाक्य पुरं होण्याआधीच ते चुकलं हे मला कळलं. किशनलालजींनी खडे पुन्हा रुमालात ठेवले आणि रुमालाला गाठ मारली.

“दुरुस्ती है या घडाई, ये मैं नहीं कहूंगा,” ते म्हणाले. “मैंने कागज पर लिख के दिया है कि मेरे घर में सोना नहीं. साहब सामने बैठेंगे तो करूंगा. नहीं तो नहीं.”

जेवणाच्या पाटावर

संध्याकाळी कुमुदने वाढलेली बेसनाच्या गट्ट्याची भाजी फार छान होती असं ती सांगते. मला चव लागली नाही. ताकभातापर्यंत मी धीर धरला आणि मग सगळं सांगून टाकलं. पाटल्या, हिरकणी, सौ.ची ताकीद, रिठे, किशनलालजींची अट. खोड आणि रुमाल ताटाशेजारी ठेवला. बादलीची गोष्ट सांगायची मात्र राहिली. खरं सांगायचं तर ती मला महत्त्वाची वाटली नाही.

दत्तोपंतांनी भात संपवला. कुमुदने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा खोडाकडे पाहिलं. ते तिच्याही आईचं होतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

“नाना, तुम्ही पहिल्याच दिवशी का नाही विचारलंत?” दत्तोपंत म्हणाले.

तुम्ही नाही म्हणाल म्हणून, मी म्हणालो. यावर दत्तोपंतांनी ताट बाजूला सरकवलं. त्यांना राग आला होता, पण माझ्या लपवण्याचा कमी आणि घरच्या माणसांना आपलं भय वाटतं याचा जास्त, असं मला वाटलं. मग त्यांनी नियम समजावला. जुन्या दागिन्यातलं जुनंच सोनं त्याच दागिन्यात परत गेलं आणि वजन वाढलं नाही, तर ती आपल्या मते दुरुस्ती. वजन गुंजभरही वाढलं तर नाही. आणि हे आपलं मत वरिष्ठांनाही कळवून ठेवणार. उद्या रविवार आहे, एवढं बोलून ते उठले.

रविवार

जिना चढून दत्तोपंत आत आले आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पगडीतून पत्ती काढणारा म्हातारा तो हाच. किशनलालजींनी उठून नमस्कार केला, गादीवर आपल्या समोरची जागा झटकून दिली आणि म्हणाले की आपण येणार हे माहीत असतं तर खोली सारवून ठेवली असती. दत्तोपंत बूट काढून मांडी घालून बसले. इतकं अवघडलेलं मी त्यांना प्रथमच पाहिलं.

छोट्या काट्यावर एका पारड्यात लाल गुंजा आणि दुसऱ्यात सोन्याच्या कडा ठेवून वजन झालं. निखाऱ्यावर नळीने फुंकत किशनलालजींनी त्या वितळवल्या. वाटाण्याएवढा पिवळा थेंब झाला. मग ठोकणं सुरू झालं, आणि बघता बघता त्या थेंबाची अशी पत्ती झाली की श्वासाने हलेल. लाख नवी भरली. पहिली हिरकणी बसली, तिच्याभोवती पत्तीची चिंधी ठेवून सळईने दाब, पुन्हा चिंधी, पुन्हा दाब. सोनं लोण्यासारखं जागा घेत होतं. दोन महिन्यांनी हातात सोनं आलंय, ते म्हणाले, आणि हसले.

दुपारी खालून कचोऱ्या आल्या. दत्तोपंत बाहेरचं खात नाहीत, कारागिराकडचं तर नाहीच. किशनलालजींनी द्रोण पुढे केला आणि साहेबांनी खाल्ली. तिखटाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी त्यांनी दुसरीही घेतली. चारच्या सुमाराला सहाही हिरकण्या जागच्या जागी होत्या. आणि पत्ती संपली.

माणिकाचं घर मधोमध रिकामं राहिलं. किशनलालजींनी जुन्या घराची कड बोटाने चाचपली. इथे याहून जास्त सोनं होतं, म्हणाले, उखडल्याची खूण ताजी आहे. ते कुठे गेलं? दत्तोपंत माझ्याकडे वळले. गणित न आलेल्या मुलासारखा मी छताकडे बघत होतो, आणि तिथे मला स्पष्ट दिसली ती कुमुदची बादली.

स्वेटर

घरी परतताना टांग्यात मी बादलीचा जबाब दिला. घरी पोचल्यावर, त्यात काय धुतलं, एवढंच दत्तोपंतांनी कुमुदला विचारलं. ती म्हणाली, तुमचा राखाडी स्वेटर. एकच. पहिला तो धुतला, मग शेजारीण आली आणि बाकीचे राहून गेले. धुऊन, वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून त्या दिवशीच पेटीत ठेवला.

अंगणात उतरत्या उन्हात पांढरी चादर पसरली. तिच्यावर स्वेटर उताणा घातला आणि आम्ही तिघं भोवती बसलो. आधी काही दिसेना. मग कुमुदने बारीक दातांची फणी आणली आणि ती लोकरीतून हलकेच फिरवू लागली, जशी लहानपणी तिच्या ताईने तिच्या केसांतून फिरवली असेल तशी. चादरीवर एक ठिपका चमकला. मग दुसरा. एक लांबट तुकडा खांद्याच्या शिवणीत रुतून बसला होता. तो दत्तोपंतांनी स्वतः चिमट्याने काढला आणि तळहातावर घेऊन बघत राहिले.

“सुवर्ण नियंत्रणाच्या साहेबाच्या घरात बिनजाहीर शुद्ध सोनं,” ते म्हणाले. “आणि तेसुद्धा अंगावर घालायच्या कपड्यात.”

त्यांचा चेहरा गंभीर होता, म्हणून मी हसू दाबलं. कुमुदला दाबता आलं नाही. तिने पदर तोंडाला लावला, मग तोही सुटला, आणि मग दत्तोपंत हसायला लागले. आठ वर्षांत त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, असं ती मला दुसऱ्या दिवशी म्हणाली. बादली रिकामी झाली होती ती मोरीजवळच्या कढीलिंबाच्या आळ्यात. तिथलीही वरची माती साडूंनी चाळून पाहिली. मिळालं काही नाही, पण कढीलिंबाची जाहीर चौकशी झाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या आधी आम्ही पुन्हा जिना चढलो. दत्तोपंत पुन्हा समोर बसले. लोकरीतलं सोनं वितळलं, पत्ती झाली आणि माणिकाभोवती बसली. पुरेल की नाही म्हणून मी श्वास रोखून होतो. ते पुरलं. शेवटची कड दाबून झाल्यावर किशनलालजींनी अकीकाच्या खड्याने ती घासून चमकवली आणि खोड माझ्या हातात दिलं. मी ते विजूच्या नावाने कपाळाला लावलं.

एक बारीक कण ऐरणीवर उरला होता. किशनलालजींनी तो मोरपिसाने कागदावर ओढला, पुडी केली आणि मला दिली. मग गादी झटकली, सळई पुसली, ऐरण उलटी करून दाखवली आणि दोन्ही तळहात दत्तोपंतांपुढे उघडे धरले.

“देख लीजिए साहब,” ते म्हणाले. “मेरे घर में आज भी सोना नहीं है.”

त्यात टोमणा नव्हता. कागदावर लिहून दिलेला शब्द ते परत एकदा दाखवत होते. दत्तोपंतांनी ते हात पाहिले आणि नजर खाली घेतली. आम्ही जिना उतरलो. गल्लीत पन्न्याची चाकं घर्र घर्र फिरत होती.

सातारा

गणगौर, म्हणजे तिकडची चैत्रगौर, दोन आठवड्यांवर आली होती, घेवर खाऊन जा असा कुमुदचा आग्रह होता, पण मला दागिना घेऊन घरी पोचायचं होतं. सौ.ने डबी उघडली, खोड उजेडाकडे धरलं, खडे मोजले आणि कुठली हिरकणी निसटली होती ती ओळखता येत नाही, असं समाधानाने म्हणाली. मग तिने विचारलं की कपड्यांना रिठ्याचा वास का येतोय. मी सगळं सांगितलं. ती रागावली, मग रिठ्याच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवली, “तन्मणी नाही.” चिठ्ठी अजून तिथेच आहे. वैशाखात विजू तन्मणी घालून बोहल्यावर उभी राहिली, आणि अक्षता टाकताना मी तिच्या गळ्याकडेच बघत होतो. सीमेवरची खिंड आणि हा गळा यांच्यामधली रेघ मला आता नकाशावर दाखवता आली असती. ती दहा फुटांच्या एका खोलीतून जाते.

पावसाळा सरता सरता पेपरात आलं की नियम थोडा सैल झाला आहे. गिऱ्हाइकाच्या जुन्या दागिन्यातून त्याच कसाचा दागिना करून द्यायला कारागिरांना परवानगी मिळाली. दिवाळीत दत्तोपंतांचं पत्र आलं. त्यांची पत्रं चार ओळींची असतात, प्रकृती, हवामान, कुमुदचा नमस्कार. हे पान भरलेलं होतं. परिपत्रक हातात आलं त्या दिवशी ते ऑफिसातून सरळ गल्लीत गेले होते आणि जिन्यावर उभं राहूनच त्यांनी ते किशनलालजींना वाचून दाखवलं होतं. म्हाताऱ्याने ते दोनदा वाचायला लावलं. मग खिडकीपाशी जाऊन बसला आणि सळई हातात घेतली.

“आता साहेब समोर बसले नाहीत तरी चालेल, असं म्हणाला,” दत्तोपंतांनी लिहिलं होतं. “आणि समोरची गादी झटकली. मी बसलो.”